उतरलेले अलंकार आणि न उचललेली माती : यशयाचा तिसरा अध्याय, पंडिता रमाबाई आणि माधवराव सप्रे

यशयाच्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायाचा उत्तरार्ध (३ : १६–२६) हा बायबलमधील गर्वनिषेधाचा एक परिचित उतारा मानला जातो. सियोनच्या कन्या मान ताठ करून, डोळे मोडीत, पायांतील वाळ्यांचा नाद करीत चालतात, म्हणून त्यांचे सारे अलंकार हिरावून घेतले जातील, असे संदेष्टा बजावतो आणि पुढे त्या अलंकारांची यादीच देतो. ख्रिस्ती प्रवचनपरंपरेने हा उतारा बहुधा स्वतंत्रपणे वाचला. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तेर्तुलियनने स्त्रियांच्या वेशभूषेवर जो प्रबंध लिहिला, त्यातील दृष्टी पुढे शतकानुशतके टिकून राहिली. पेत्राच्या पहिल्या पत्रातील व तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील साध्या वेशाच्या उपदेशाची पूर्वपीठिका म्हणून यशयाकडे पाहण्यात आले, आणि एका राज्यव्यवस्थेवरील आरोपपत्र स्त्रियांच्या नटण्यामुरडण्यावरील कीर्तन होऊन बसले.

हे वाचन अपुरे आहे, एवढे म्हणून भागत नाही. मराठी वाचकापुरते ते विशेष घातकही ठरते. याचे कारण त्या अध्यायात वर्णिलेली शिक्षा (अलंकार उतरणे, केस जाणे, जमिनीवर बसणे) एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजात प्रत्यक्ष अंमलात होती, आणि ती गर्विष्ठ स्त्रियांना नव्हे, तर विधवांना भोगावी लागत होती. प्रस्तुत लेखात या उताऱ्याची मूळ रचना, पंडिता रमाबाईंच्या भाषांतरामुळे त्याला लाभणारा मराठी संदर्भ आणि रायपूरशी आयुष्यभर निगडित राहिलेल्या माधवराव सप्रे यांची १९०१ मधील एक हिंदी कथा यांचा एकत्र विचार केला आहे. सप्रे यांनी यशया वाचून कथा लिहिली, असा प्रभावाचा दावा येथे नाही. गर्व आणि संपत्ती यांच्या नात्याची दोन रूपे शेजारी ठेवली असता परस्परांवर कोणता प्रकाश पडतो, एवढाच प्रश्न आहे.

यशयाचा काळ इसवी सनपूर्व आठव्या शतकाचा उत्तरार्ध होय. उज्जीया, योथाम, आहाज आणि हिज्कीया या यहूदाच्या राजांच्या कारकिर्दींचा उल्लेख ग्रंथाच्या आरंभीच येतो. या शतकात यहूदा आणि उत्तरेकडील इस्राएल या दोन्ही राज्यांत एका वर्गाच्या हाती संपत्ती एकवटली होती. शोमरोनच्या उत्खननात सापडलेले हस्तिदंती कोरीव तुकडे आमोसाने हस्तिदंती पलंगांवर केलेल्या टीकेशी सहज जुळतात. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात जे जे उंच आहे ते ते खाली आणले जाईल असा घोष आहे : लबानोनचे गंधसरू, बाशानचे ओक, डोंगर, बुरूज, तटबंदी, तार्शीशची गलबते. येथे गर्वासाठी योजलेला हिब्रू धातू मुळात उंचीचा वाचक आहे. तिसऱ्या अध्यायात सियोनच्या कन्यांना गर्विष्ठ म्हणताना हाच धातू येतो. म्हणजे संदेष्ट्याच्या दृष्टीने वृक्षाची उंची, बुरुजाची उंची, पुरुषाच्या नजरेचा ताठा आणि स्त्रीची उंचावलेली मान या एकाच दोषाच्या अवस्था आहेत. मराठीत मात्र गर्वाचा शब्दसंग्रहच स्त्री-पुरुषांत वाटला गेला आहे. पुरुषाची ती गुर्मी, मगरुरी, फार तर ताठा. स्त्रीचा तो नखरा आणि ठमकणे. भाषांतरकाराने सोळाव्या ओवीत नकळत दुसऱ्या गटातला शब्द निवडला, की दुसरा आणि तिसरा अध्याय यांतील दोरा तुटतो आणि उरते ते फक्त नखरेल बायकांचे चित्र.

हा दोरा किती बळकट आहे हे यादीकडे बारकाईने पाहिल्यावर कळते. अठराव्या ते तेविसाव्या ओवीत एकवीस वस्तू येतात. वाळे, कपाळपट्टी, चंद्रकोरी, लोलक, कंकणे, बुरखे, शिरोभूषणे, पायसाखळ्या, कंबरपट्टे, अत्तराच्या डब्या, ताईत, मुद्रिका, नथी, सणाची वस्त्रे, शाली, बटवे, आरसे, तलम कापड अशी ती लांबत जाते. अत्तराच्या डब्यांसाठीचा हिब्रू शब्दप्रयोग अक्षरशः 'प्राणाची घरे' असा आहे, आणि ताईतासाठी आलेला शब्द 'पुटपुटणे' या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. काही वस्तूंची ओळख आजही वादग्रस्त आहे. ज्याला कोणी आरसा म्हणतात त्याला कोणी झिरझिरीत वस्त्र म्हणतात. या नऊ-दहा ओव्यांनी विद्वानांना किती वेड लावले, याची कल्पना एवढ्यावरून यावी, की एन. डब्ल्यू. श्रोडर यांनी १७४५ मध्ये लायडनहून प्रसिद्ध केलेला हिब्रू स्त्रियांच्या वेशावरील अख्खा लॅटिन ग्रंथ केवळ या उताऱ्यावर बेतलेला आहे. अशा ग्रंथांनी शब्दार्थाचे काम मोठे केले, हे खरे. पण पेटी उघडून दागिने मोजण्याच्या नादात ती पेटी कोणाच्या घरातून आली हे विचारायचे राहून गेले.

ते विचारण्याची सोय मूळ रचनेतच आहे. तिसरा अध्याय एका काढून घेण्याने सुरू होतो. यरुशलेमचा आधार आणि टेकू काढून घेतला जाईल असे सांगून अन्न व पाणी यांनंतर अकरा पुरुषी पदांची यादी येते : वीर, योद्धा, न्यायाधीश, संदेष्टा, दैवज्ञ, वडीलधारा, पन्नासांचा नायक, प्रतिष्ठित, मंत्री, कुशल कारागीर आणि मंत्रतंत्रात निपुण असा मनुष्य. येथील 'काढून घेणे' हे क्रियापद आणि अठराव्या ओवीत अलंकार 'काढून घेण्या'चे क्रियापद एकच आहे. एवढेच नव्हे, पुरुषांच्या यादीतील शेवटच्या पदासाठी 'पुटपुटणे' या अर्थाचा जो शब्द येतो, तोच स्त्रियांच्या यादीत ताईतांसाठी अनेकवचनात येतो. मंत्र घालणारा पुरुष पहिल्या यादीत आणि मंत्रवलेला ताईत दुसरीत, हा योगायोग मानणे कठीण आहे. अलंकारांची यादी मागाहून घातलेली आहे, असे अनेक भाष्यकारांचे मत आहे, आणि पद्यात मध्येच आलेली तिची गद्यप्राय घडण पाहता ते नाकारण्याचे कारण नाही. पण ती कोणी मागाहून घातली असेल तर त्याने पहिली यादी नीट वाचून घातली, एवढे निश्चित. एलिझाबेथ प्लॅट यांनी १९७९ मध्ये या यादीचा पुरातत्त्वीय पुराव्याच्या आधारे अभ्यास करून यांतील बऱ्याच वस्तू अधिकारपदाची चिन्हे असल्याचे मत मांडले. चंद्रकोरींचे उदाहरण त्याला पोषक आहे. शास्ते या ग्रंथात त्या मिद्यानी राजांच्या संपत्तीत आणि त्यांच्या उंटांच्या गळ्यांत आढळतात. मराठी वाचकाला हे अवघड वाटू नये. शिरपेच, तुरा, कलगी, मोत्यांचा चौकडा हे पेशवे-भोसल्यांच्या दरबारात पुरुषांचे अलंकार होते आणि त्यांचा अर्थ शोभा असा नसून मान असा होता.

दोन याद्यांच्या मध्ये जे येते ते सर्वांत महत्त्वाचे. तेराव्या ओवीत परमेश्वर वाद चालवण्यास उभा राहतो. दृश्य न्यायालयाचे आहे. चौदाव्या ओवीत आरोपी पुढे येतात : लोकांचे ज्येष्ठ आणि अधिपती. आरोप असा, की द्राक्षमळा त्यांनी खाऊन फस्त केला आणि गरिबांची लूट त्यांच्या घरांत आहे. गरिबांची तोंडे रगडल्याचा आरोप पंधराव्या ओवीत येतो, आणि लगेच सोळाव्या ओवीत सियोनच्या कन्या चालत येतात. लूट घरात आहे असे म्हटल्यानंतर त्या घरातून बाहेर पडणाऱ्या अंगांवर ती लूट दिसावी, हा क्रम उघड आहे. अलंकारांची यादी म्हणजे न्यायालयापुढे मांडलेला मुद्देमाल होय. वस्तू एकेक करून वाचल्या जातात, त्या पंचनाम्यात वाचल्या जातात तशा. आमोसाने शोमरोनच्या श्रीमंत स्त्रियांना बाशानच्या गाई म्हणताना त्यांच्यावर ठेवलेला आरोपही दुर्बळांना चिरडण्याचा आहे, नटण्याचा नाही. उलट अलंकार हा स्वतःच दोष असता, तर यशयाच्याच ग्रंथाच्या एकसष्टाव्या अध्यायात तारणाची उपमा दागिन्यांनी नटलेल्या वधूला दिली गेली नसती, आणि यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात परमेश्वराने स्वतः यरुशलेमला नथ व कंकणे घातली नसती. यहेज्केलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तर रत्नांनी मढलेला आणि त्या तेजाने उन्मत्त झालेला गर्विष्ठ पुरुष आहे, सोरचा राजा.

इथवर यशयाची बाजू भक्कम आहे. पण पुढे त्याच्या रचनेतच एक तडा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आरोपी ज्येष्ठ आणि अधिपती असताना शिक्षा उच्चारली जाते ती त्यांच्या स्त्रियांच्या देहावर. डोक्यावर चट्टे पडतील, लाज उघडी पडेल, सुगंधाऐवजी दुर्गंध, कंबरपट्ट्याऐवजी दोर, वेणीऐवजी टक्कल, उंची वस्त्राऐवजी गोणपाट. चोविसाव्या ओवीतील हे 'ऐवजी' पाच वेळा येते आणि हातोड्यासारखे पडत जाते. त्या ओवीचा शेवट पारंपरिक हिब्रू पाठात सौंदर्याऐवजी डाग असा घेतला जातो. मृत समुद्राजवळ सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत तेथे 'लज्जा' हा शब्द अधिक आहे, आणि त्यामुळे अर्थ आणखीच बोचरा होतो. पुरुष पंचविसाव्या ओवीत तलवारीने पडतात, एका ओळीत. स्त्रीच्या विटंबनेला मात्र यादीचा विस्तार मिळतो. अखेर नगरीच एक सर्वस्व गमावलेली स्त्री होऊन जमिनीवर बसते.

हे दृश्य मराठीत आले की काय होते? कंकणे उतरली, नथ गेली, डोक्यावर केस नाहीत, अंगावर जाडेभरडे वस्त्र, बसणे जमिनीवर. १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिणाऱ्या बाबा पदमनजींच्या वाचकाला किंवा १८९० नंतर 'करमणूक'मधून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' वाचणाऱ्या वाचकाला या चित्राचे नाव सांगावे लागले नसते. हे सकेशा स्त्रीचे विकेशा होणे आहे. १८९० च्या सुमारास ना. मे. लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ज्या कामावर बहिष्कार घातला, ते हेच काम. यरुशलेममध्ये जे युद्धाचे आणि दास्याचे चिन्ह होते, ते महाराष्ट्रात उच्चवर्णीय घरातील धर्माचार होते. त्यामुळे मराठी वाचकापुढे हा उतारा एक भयंकर तर्क ठेवतो : जिची अशी दशा झाली तिने काहीतरी केले असले पाहिजे. विधवेच्या पूर्वजन्मीच्या पापाची कल्पना समाजात रुजलेली असताना या तर्काला वेगळ्या समर्थनाची गरजही नव्हती.

पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचा विचार या ठिकाणी करावा लागतो. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील आपल्या इंग्रजी पुस्तकात वैधव्याचे आणि केशवपनाचे वर्णन त्यांनी जगापुढे ठेवले. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या मृत्यूपूर्वी ते हातावेगळे केले. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पंडितांच्या संस्कृतप्रचुर वळणापेक्षा सामान्य स्त्रीला कळेल अशी भाषा हे त्यांचे धोरण होते. यशयाचा तिसरा अध्याय त्यांच्या हाताखालून गेला तेव्हा त्या स्वतः कित्येक वर्षांच्या विधवा होत्या आणि मुंडन झालेल्या बालविधवांसाठी त्यांनी आयुष्य वेचले होते. अलंकारांच्या नावांना चपखल मराठी प्रतिशब्द सापडतात, हीच या उताऱ्याची अडचण आहे. हिब्रू नासिकाभूषणाला नथ म्हटले की अर्थ बरोबर येतो, पण नथ हा मराठीत सौभाग्यालंकार असल्याने तिचे जाणे म्हणजे वैधव्य. मूळात नसलेला हा अर्थ शब्दाबरोबर आपोआप शिरतो. भाषांतर जितके घरगुती, तितका हा धोका मोठा. इंग्रजी किंवा जर्मन भाषांतरकारापुढे तो कधीच नव्हता.

या धोक्यावर उतारा यशयाच्याच ग्रंथात आहे, फक्त तो तिसऱ्या अध्यायात नाही. पहिल्या अध्यायात विधवेचा कैवार घेण्याची आज्ञा आहे, आणि लाच खाणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे विधवेचा दावा पोहोचतच नाही अशी तक्रार आहे. दहाव्या अध्यायाच्या आरंभी अन्यायी कायदे लिहिणाऱ्यांना शाप आहे, कारण त्यांनी विधवांना भक्ष्य केले आणि अनाथांना लुबाडले. तेथे गरिबांचा हक्क हिरावण्यासाठी आलेला धातू तोच, जो तिसऱ्या अध्यायात घरांतल्या लुटीसाठी आला होता. म्हणजे या ग्रंथात दोन विधवा आहेत. एक रूपकातील, धुळीत बसलेली नगरी. दुसरी खरी, जिचे घर कायद्याने गेले. प्रवचनपरंपरेने पहिलीच लक्षात ठेवली. दुसऱ्या विधवेचे आधुनिक भारतीय कथेतील एक स्पष्ट चित्र छत्तीसगढमध्ये सापडते.

छत्तीसगढ आणि मराठी यांचा संबंध भोसल्यांच्या काळापासूनचा. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहत होते, आणि १८१८ नंतर ब्रिटिश देखरेखीत कारभाराचे केंद्र रायपूरला आले तरी तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतून मराठी कुटुंबे टिकून राहिली. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासातही या प्रदेशाला एक जागा आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांना एका परक्या सहप्रवाशाकडून नवा करार मिळाला, ही हकीकत 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना ठाऊक आहे. ते राजनांदगाव रायपूरच्या पश्चिमेला सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. मात्र याच पट्ट्यात वाढलेल्या माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची मराठी वाङ्मयेतिहासाने दखल घेतली नाही, कारण मातृभाषा मराठी असूनही ते हिंदीत लिहीत. बिलासपूर व रायपूर येथे शिकलेल्या सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर आणि प्रकाशनात वामन बळीराम लाखे यांची साथ होती. ही नावे वाचताना हिंदी पत्रकारितेच्या या अध्यायाचे मराठीपण वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पुढे सप्रे यांनी दासबोध आणि लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. रायपूरलाच त्यांचा अंत झाला.

'एक टोकरी भर मिट्टी' ही त्यांची छोटी कथा 'छत्तीसगढ मित्र'मध्ये १९०१ साली आली. हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात तिचे नाव इतक्या वेळा घेतले गेले, की कथेकडे पाहायला फारशी उसंत उरली नाही. कथानक दोन परिच्छेदांत मावेल एवढे आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार शेजारच्या विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवायचे असते. त्या झोपडीत तिचा नवरा आणि एकुलता मुलगा वारला, सूनही पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून गेली. ती नात हाच म्हातारीचा आधार. जमीनदार वकिलांचे हात ओले करून न्यायालयाकडून झोपडीचा ताबा मिळवतो. विधवा शेजारपाजारी राहते. एके दिवशी ती टोपली घेऊन येते : घर गेल्यापासून नात जेवत नाही, तिथल्याच चुलीवरचे खाईन म्हणते, तेव्हा चूल घालण्यापुरती माती नेऊ द्या. परवानगी मिळते. टोपली भरून ती बाहेर येते आणि डोक्यावर चढवायला हात लावा म्हणून जमीनदारालाच विनवते. तो आधी चिडतो, मग दया येऊन स्वतः पुढे होतो. टोपली हातभरही उचलली जात नाही. तेव्हा ती विचारते, एक टोपली पेलवत नाही तर या झोपडीतील हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलाल? धनाच्या धुंदीतील जमीनदाराचे डोळे उघडतात आणि झोपडी परत मिळते.

घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना यशयाने पाचव्या अध्यायात दिलेला शाप येथे शब्दशः दृश्य झाला आहे. तुलनेसाठी पहिल्या राजे या ग्रंथातील नाबोथाची कथा लगेच आठवते. तेथेही राजवाड्याला लागून असलेली जमीन हवी आहे आणि ती न्यायसभेच्या मार्गाने, खोट्या साक्षींनी मिळवली जाते. मात्र तेथे नाबोथ मारला जातो, आणि दोषाचा मोठा वाटा ईजबेल या स्त्रीच्या पदरी पडतो. दुसरी जवळची आख्यायिका इराणी : नौशेरवान बादशहाच्या प्रासादाशेजारील म्हातारीची झोपडी, जी त्याने हलवली नाही आणि प्रासादाचे आवार वाकडे राहू दिले. तेथे राजा न्यायी आहे म्हणून म्हातारीला बोलावेच लागत नाही. सप्रे यांच्या कथेत संदेष्टा नाही, न्यायी राजा नाही, न्यायालय तर विकले गेलेले. आरोप ठेवण्याचे काम जिची लूट झाली तीच करते. यशयाची रूपकातील विधवा धुळीत बसते. ही त्याच मातीची टोपली भरून उभी राहते.

यात गर्वाचे परिमाण बदलते. यशयात गर्व म्हणजे उंची आणि शिक्षा म्हणजे खाली आणणे. सप्रे यांच्याकडे गर्व म्हणजे वजन. जमीनदाराला कोणी खाली ओढत नाही. त्याला फक्त वाकून उचलायला सांगितले जाते, आणि वाकण्याची ती एक कृती त्याचा ताठा मोडते. कथेत कोणाच्याही अंगावर दागिना नाही, ही बाब मुद्दाम नोंदवण्यासारखी. श्रीमंतीचे चिन्ह येथे अलंकार नसून आवार आहे. त्यामुळे संपत्तीच्या मदावरील टीका स्त्रीच्या देहाकडे वळण्याची वाटच कथेने ठेवलेली नाही. आरोपी आणि शिक्षा भोगणारा एकच आहे. यशयातला जो तडा वर दाखवला, तो येथे आपोआप भरून निघतो. सप्रे यांनी नंतर अनुवादलेल्या दासबोधाशीही येथे एक दुवा जोडता येतो. रजोगुणलक्षणाच्या समासात (दशक २, समास ५) समर्थ घर, संसार, धन, स्वतःचे रूप यांच्या आसक्तीची यादी करतात, तीही यशयाइतकीच चिवटपणे. पण तिचा रोख गृहस्थ पुरुषावर आहे आणि ती ऐकणाऱ्याने स्वतःवर लावून पाहायची आहे. तेथे लूट कोणाची, हा प्रश्न नाही. सप्रे यांची कथा समर्थांप्रमाणे अंतःकरणात शिरते, पण लुटीचा प्रश्न सोडत नाही.

तरीही कथेच्या शेवटाबद्दल शंका उरते. जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि झोपडी परत मिळते, म्हणजे सारे एका माणसाच्या सद्बुद्धीवर सुटते. ज्या न्यायालयाने ताबा दिला त्याचा निकाल जसाच्या तसा आहे, आणि उद्या दुसरा जमीनदार त्याच वकिलांकडे जाऊ शकतो. यशयाच्या दहाव्या अध्यायाला हा शेवट पुरला नसता. तेथे शाप कायदा लिहिणाऱ्यांना आहे. मध्य प्रांतात १८६० च्या दशकातील जमाबंदीने मालगुजारांना मालकीहक्क बहाल केले, आणि ज्या जमिनीवर पूर्वी कारभार होता त्यावर मालकी आली, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर 'न्यायालयाकडून ताबा' हे शब्द छत्तीसगढच्या वाचकाला निव्वळ कथेतले वाटले नसावेत. सप्रे तेव्हा पेंड्राच्या जमीनदारीत राजकुमाराचे शिक्षक होते. कथेतील मृदू शेवटाचे कारण एवढ्यावरून काढणे अन्यायाचे होईल. मात्र जमीनदाराच्या घरी शिकवणी करणाऱ्या माणसाने जमीनदारालाच टोपली उचलायला लावली, यातले धैर्य नजरेआड होऊ नये.

मासिक निघाले ते वर्ष दुष्काळाचे होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगढ होरपळून निघाले. शेतकरी घरातील सुता, ककनी, पैरी, करधन हे चांदीचे अलंकार म्हणजे त्या घराची शिल्लक असते आणि अशा वर्षी ती आधी सावकाराच्या पेटीत जाते. यशयाच्या सोळाव्या ओवीतील वाळ्यांना छत्तीसगढीत नेमका शब्द पैरी. पण भुकेच्या वर्षी मोडीत निघालेली पैरी आणि सियोनच्या कन्यांची वाळी यांत एकच वस्तू असून अर्थ उलट आहेत. एकीत लूट दिसते, दुसरी लुटली गेलेली. निर्गमात मिसर सोडताना गुलाम स्त्रियांनी शेजारणींकडून सोन्याचांदीचे दागिने मागून घेतले, तेही या दुसऱ्या बाजूचे. अलंकारावरील कोणतेही प्रवचन हा भेद करीत नसेल तर ते यशयाला धरून नाही.

पहिल्या दुष्काळातच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवांना घेऊन केडगावला परतल्या. मुक्ती मिशनची वस्ती याच सुमारास झपाट्याने वाढली. तेथील मुलींना खिळे जुळवणे, छपाई आणि बांधणी शिकवण्यात आली, आणि रमाबाईंचे बायबल मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापले गेले. यशयाच्या तिसऱ्या अध्यायातील ती एकवीस वस्तूंची यादी, तिच्या पाठोपाठ येणारे टक्कल आणि गोणपाट, आणि त्याआधीची गरिबांच्या लुटीची ओवी, हे सारे पृष्ठ एका ओळीपाठोपाठ एक ओळ असे त्यांनीच जुळवले.